खान्देशातले इतके मास्तर मुंबई-सुरतेला कसे?

प्रश्न (अमळनेर तालुका): आमच्या गल्लीत नऊ घरं, पाचांना कुलूप. पाचही मास्तरांची. दोन ठाण्याला, दोन मुंबईला, एक सुरतेला. चाव्या आमच्याकडे, म्हणून विचारतोय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरं उघडतात, तीही शाळांना सुट्टी लागली असली तर. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कुलात शिकवायला होते. आता उलटं का झालं? आणि शेतकऱ्याच्या पोरांनी मास्तरकीच का धरली?

उत्तर (निवृत्त, पारोळ्याकडचा, सध्या कल्याण): कुलूपवाल्यांतलाच मी. तीन एकर कोरडवाहू, भाऊ तिघं. बारावीनंतर दोन वर्षांत हाताला नोकरी देणारं तेव्हा डीएडच होतं. हा हिशोब बापाचा, माझा नाही. जिल्ह्यात जागा निघायची वाट बघितली असती तर आजही कपाशी वेचत असतो. मुंबईची जाहिरात आली, नंबर लागला. जळगावहून रात्रीची गाडी, लोखंडी पेटी, आईनं बांधून दिलेलं कळण्याचं पीठ.

पहिल्याच आठवड्यात एक पोरगं बाकाखाली शिरलं. तोंडातून अहिराणीच निघून गेलं, "काय करी ऱ्हायना रे?" वर्ग खो-खो हसला. मागच्या बाकावरचा एकटा हसला नाही, टक लावून बघत राहिला. चोपड्याचा निघाला. बाप नाक्यावर बिगारी.

उत्तर (नंदुरबार): काका, तुमचं बरं होतं, डीएड झालं की नंबर! आम्ही २०१३ची टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. त्यानंतर तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, मानधन. २०००मध्ये ही योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० मानधन होतं, आता १६,००० आहे. त्यात शहरात खोली घेऊन दाखवा.

उत्तर (उधना, सुरत): सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत ना इकडे. लिंबायत, उधना म्हणजे अर्धा खान्देशच. पोरं आपली, मग मास्तर आपलेच लागणार! भुसावळची गाडी धरली की अमळनेर, नंदुरबार, सुरत. मुंबईपेक्षा हे घरचंच.

प्रश्नकर्ता: काका, निवृत्त झालात, मग गावी का नाही?

कल्याण: नातवाची शाळा. पण कानबाईच्या सणाला येतो. रोटाचा प्रसाद भाऊबंदकीतच खायचा असतो, तो कल्याणात कोणासोबत खाणार? श्रावणातल्या त्या रविवारी पोचतो, सोमवारी विसर्जन, मंगळवारी सकाळी गाडी. आमच्याही घराची चावी शेजारीच असते. गेल्या वेळी कुलूप गंजलं होतं, खोबरेल घालून उघडलं.