शब्दचर्चा: ‘ग्रिओ’साठी ‘भाट’ चालेल का?

सायसाखर: पश्चिम आफ्रिकेतील माली देशातल्या विवाहसोहळ्यांवरील लेखाच्या अनुवादात मी ‘ग्रिओ’साठी, म्हणजे तिथल्या पिढीजात स्तुतिगायकासाठी, ‘भाट’ योजला होता. संपादकांनी तो खोडून ‘शाहीर’ केला, कारण त्यांच्या मते ‘भाट’ म्हणताच वाचकाला खुशमस्कऱ्या आठवतो. परंतु मालीची राजधानी बामाको इथला ग्रिओ यजमानाची स्तुती गातो, त्याची वंशावळ सांगतो, सोयरीक ठरताना दोन घरांत निरोप नेतो आणि तंटा झाल्यास मध्यस्थीही करतो. हे सारे ‘शाहीर’ शब्दात मावते का?

वाटसरू: मुळीच नाही. शाहिरी अंगच्या गुणाने येते, तर ग्रिओपण कुयाते, दियाबाते अशा घराण्यांत जन्माने येते. सालिफ केइता जगप्रसिद्ध गायक खरा, पण तेराव्या शतकात माली साम्राज्य स्थापणाऱ्या सुंदियाता केइताच्या कुळातला असल्यामुळे त्याने गाण्याचा पेशा धरणे हेच अप्रतिष्ठेचे मानले गेले. त्याला सरसकट ग्रिओ म्हणणे चूक आहे.

पंचगंगा: आमच्या कोल्हापूरकडे सुगीनंतर हेळवी येतो, वही उघडून घराण्याच्या पिढ्या वाचतो आणि धान्य घेऊन जातो. हा शब्द का नको?

वाटसरू: त्याची वही आणि ग्रिओचे ‘कोरा’ हे एकवीस तारांचे वाद्य यांत फरक आहे. शिवाय पुण्याच्या वाचकाला ‘हेळवी’साठीही तळटीप द्यावी लागेल!

मांडवीकाठ: ‘ग्रिओ’ हा फ्रेंचांनी रूढ केलेला शब्द आहे. तो पोर्तुगीज ‘क्रियादो’वरून आला, असे एक मत आहे, आणि मला ते पटते, कारण गोव्यातही घरच्या नोकराला ‘क्रियाद’ म्हणत. मग नोकराचा शब्द कशाला? तिथली मांदे भाषा बोलणारी मंडळी ग्रिओला म्हणतात तसे ‘जेली’ लिहावे.

वाटसरू: म्हणजे वाचकाला मुलांच्या वाढदिवसाची बशी आठवेल.

सायसाखर: आणखी एक अडचण आहे. आज बामाकोच्या लग्नांत मुख्यतः स्त्रिया गातात, त्यांना ‘जेलीमुसो’ म्हणतात. ‘भाटीण’ लिहिले, तर ती भाटाची बायको होईल. त्यांच्यावर नोटांची जी खैरात होते, तिला ‘दौलतजादा’ म्हणावे का?

पंचगंगा: अवश्य म्हणावे, तमाशातला नेमका शब्द आहे.

वाटसरू: मला तो खटकतो. दौलतजादा करणारा आपल्या हौसेने पैसे देतो. तिथे मात्र पूर्वजांचे नाव भर मांडवात घेतल्यावर हात आखडणाऱ्या कुलीनाची अब्रू जाते.

पंचगंगा: आमच्याकडच्या फडात हात आखडणाऱ्याची कोणती अब्रू राहते?