मुहिका खरंच फुलं विकायचे का?

प्रश्न : उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका शेतकरी होते असं वाचलं. खरंच शेती करायचे, की नुसती प्रतिमा?

उत्तर १ : खरंच करायचे. माझ्या घरी शेवंती आहे, म्हणून त्यांच्याबद्दल मी शोधून शोधून वाचलं. राजधानी मोंतेविदेओजवळ रिंकोन देल सेर्रोला ते आणि पत्नी लुसिया फुलं, त्यात शेवंतीही, लावून विकत. २०१० ते २०१५ सत्तेत असतानाही सरकारी वाडा सोडून तिथंच राहिले. पत्र्याचं छप्पर, दारात तीन पायांची कुत्री मानुएला आणि १९८७ ची निळी बीटल गाडी. पगारातला ९० टक्के वाटा देऊन टाकायचे. शेवंतीची खुडणी किती कंबरडं मोडते ते मला ठाऊक आहे, म्हणून या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

उत्तर २ : त्याआधीचं विसरू नका. तुपामारो या उरुग्वेतल्या डाव्या सशस्त्र गनिमांत होते, १९७० मध्ये सहा गोळ्या लागल्या. पुढे वर्षानुवर्षं एकांतकोठडी. १९८५ मध्ये सुटले.

प्रश्नकर्ता : एवढं सोसून मनात कडवटपणा नाही?

उत्तर १ : सूड उगवला नाही. सुटल्यावर निवडणुकीच्या वाटेनं गेले, २००५ मध्ये कृषिमंत्री झाले. मे २०२५ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेनुसार रक्षा त्याच शेतात, मानुएलाशेजारी.