अ‍ॅल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलचा फ्रिक्शन वेल्डिंगचा जोड मध्यभागी धरत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२० मिलिमीटर व्यासाचे ६०६१-टी६ (टी६ म्हणजे उष्मोपचाराने कडक केलेले) अ‍ॅल्युमिनियम आणि ३०४ स्टेनलेस स्टीलचे बार आम्ही फ्रिक्शन वेल्डिंगने (एक बार फिरवत दुसऱ्यावर दाबून, घर्षणाच्या उष्णतेने) जोडत आहोत. ताण चाचणीत नमुने अ‍ॅल्युमिनियममध्ये न तुटता नेमके सांध्यावरच सुटतात. सुटलेले तोंड पाहिले तर स्टीलच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमचे खरबरीत कडे चिकटून राहिलेले असते. मधला भाग मात्र इतका कोरा, की लेथवर फेसिंग (बारचे तोंड सपाट कापणे) करताना उमटलेल्या टूलच्या रेषाही जशाच्या तशा दिसतात.

अक्षापाशी घासण्याचा वेग जवळजवळ शून्य असल्याने तिथे उष्णता कमी पडत असावी, असे समजून घर्षणाचा वेळ वाढवला. त्यामुळे मध्य थोडाफार धरू लागला, पण वाकवण्याच्या चाचणीत जोड काचेसारखा तडकला, कारण जास्त वेळ तापल्यावर लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या ठिसूळ संयुगांचा थर जाड होत जातो. वेळ आणि ठिसूळपणा यांचा मेळ कसा घालावा? शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडलेले अ‍ॅल्युमिनियम पुन्हा टी६ अवस्थेत आणण्यासाठी पूर्ण उष्मोपचार करावा का?

प्रतिसाद:

घर्षणाचा वेळ पुन्हा कमी करा आणि मधला भाग फोर्ज दाबाने (फिरणे थांबवताना दिल्या जाणाऱ्या शेवटच्या दाबाने) धरवा. हा दाब घर्षणाच्या दाबापेक्षा बराच जास्त हवा. त्याआधी स्पिंडलचा (बार फिरवणाऱ्या दांड्याचा) ब्रेक तपासा. दाब चढल्यावरही स्पिंडल फिरत राहिला, तर नुकताच धरलेला जोड तिथल्या तिथे कातरला जातो, आणि ही गोष्ट सेटिंगच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. स्टीलचे तोंड अक्षाला काटकोनात, बारीक फिनिशचे व तेलमुक्त असावे. अ‍ॅल्युमिनियमचे फेसिंग वेल्डिंगच्या अगदी आधी करावे.

६०६१ मध्ये सुमारे एक टक्का मॅग्नेशियम असते आणि ते या जोडाला मारक ठरते. म्हणून मधे शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घेणे किंवा स्टीलवर चांदीचा मुलामा देणे, हे दोन्ही मार्ग वापरात आहेत. खर्च पाहता मी पहिला आधी करून पाहीन, मात्र शुद्ध अ‍ॅल्युमिनियम स्वतःच मऊ असल्याने तो थर पातळ ठेवावा लागेल.

पूर्ण उष्मोपचार टाळा. त्यासाठी सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि तेवढ्यात संयुगांचा थर आणखी वाढतो. १६० ते १७५ अंशांवरचे नुसते एजिंग (कमी तापमानावर बराच वेळ ठेवून धातू कडक करणे) सांध्याच्या दृष्टीने त्यापेक्षा खूपच सुरक्षित आहे. दोन्ही दाब, घर्षणाचा वेळ आणि ब्रेक लागायला लागणारा वेळ इथे लिहिलात, तर नेमके काय बदलायचे ते सांगता येईल.