मदत हवी: गव्हाला जिवाणू खत लावलं तर डीएपी किती कमी करायचं?

रब्बीवाला: एक एकर गहू, मध्यम काळी चुनखडीची जमीन, पाणी कालव्याचं. ४० किलो बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विरघळवणारे जिवाणू) लावणार. दुकानदार म्हणतो, मग डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) लागतच नाही. खरंय का? थायरम (बुरशीनाशक) आधी की नंतर? थोडा युरिया बियाण्यातच मिसळून पेरला तर?

तिफण: बियाण्यात युरिया अजिबात नको. त्यातून सुटणारा अमोनिया कोवळ्या मुळाचं टोक जाळतो, उगवण विरळ होते. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खताला वेगळी नाळकी असलेलं पेरणीचं अवजार) खत बियाण्याच्या ४-५ सेंमी खाली पडू द्या. स्फुरद मातीत फारसा हलत नाही, मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं.

शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र:स्फुरद:पालाश. म्हणजे एकरी पेरताना डीएपी एक गोणी, पोटॅश २७ किलो, युरिया ३३ किलो. पुढे युरिया ५२ किलो. तिन्ही आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, ओल धरतात आणि नळी तुंबते.

काळीआई: दुकानदाराचं चूक. पीएसबी स्फुरद बनवत नाही. मातीत चुन्याशी बांधलेला स्फुरद आम्लं सोडून मोकळा करतो. माती परीक्षणात स्फुरद कमी आला तर डीएपी पूर्ण द्या, भरपूर असेल तर पाव कमी करा. अ‍ॅझोटोबॅक्टरला खायला सेंद्रिय कर्ब लागतो. शेणखत न पडलेल्या रानात तो उपाशीच (पाकिटावर हे कोणी छापत नाही).

थायरम आधी, १२० ग्रॅम. मग दोन्ही जिवाणू खतं प्रत्येकी १ किलो, गूळ घालून उकळून *पूर्ण गार* केलेल्या पाण्यात कालवून. बी नुसतं ओलसर व्हावं, चिकट गोळे नकोत. सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. हे बी रासायनिक खताच्या चाड्यात टाकू नका, क्षारांनी जिवाणू मरतात.

रब्बीवाला: कालव्याचं आवर्तन (पाण्याची पाळी) पेरणीनंतर २१ ऐवजी ३० व्या दिवशी आलं तर?

तिफण: मग फुटवे कमी. १८-२१ दिवसांत जमिनीखाली २-३ सेंमीवर मुकुटमुळं फुटतात. तो थर कोरडा असला की ती धरत नाहीत, आणि नंतर कितीही युरिया टाकला तरी ती भर निघत नाही. आवर्तनाची तारीख कळली असेल तर पेरणी तिच्याकडून मागे मोजून धरा. कोरड्यात युरिया फेकून पाण्याची वाट बघू नका. चुनखडीत तो उडून जातो. पाणी ज्या दिवशी, युरिया त्याच दिवशी.