त्वचेखाली चिप बसवून घेणे प्रकृतीला कितपत सुरक्षित?

प्रश्न (मेलारकाठ):
मी स्टॉकहोममध्ये नोकरी करतो. दार उघडणे, प्रिंटर सुरू करणे अशा कामांसाठी अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या जागेत चिप टोचून घेण्याची ऐच्छिक सोय आमच्या कार्यालयात आहे. मला मधुमेह आहे, आणि उंदरांना अशा चिपमुळे गाठी झाल्याचेही वाचले. रेडिओ लहरी, संसर्ग, कर्करोग यांपैकी नेमकी भीती कशाची बाळगावी?

प्रतिसाद (शल्यक):
लहरींची चिंता सोडा. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, सुमारे १२ मिमी लांब आणि २ मिमी जाड अशा काचेच्या कुपीत चिप आणि तारेचे वेटोळे असते. बॅटरी नसल्यामुळे रीडर (चिप वाचणारे यंत्र) जवळ नेला तरच ती काम करते. धोका आहे तो टोचण्यात. कुपी मावेल इतकी सुई लसीच्या सुईपेक्षा कितीतरी जाड असते, आणि साखर आटोक्यात नसताना त्या जागी पू झाला तर तो हातात खोलवर पसरून बोटांची हालचालही अडू शकते. तुमच्याकडे हे काम बहुधा पिअर्सिंगवाले करतात, म्हणून निर्जंतुकीकरणाची चौकशी स्वतः करा. ज्यांचे व्रण जाड होऊन वाढतात, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

प्रतिसाद (निरीक्षक):
गाठींविषयी. प्रयोगशाळेतील काही उंदरांमध्ये चिपभोवती सार्कोमा (मऊ ऊतींतील कर्करोगाच्या गाठी) आढळले होते आणि २००७ साली त्यावर बराच गदारोळ झाला. मात्र शरीरात रुतलेल्या कोणत्याही परक्या वस्तूभोवती उंदरांना गाठी सहज होतात, आणि चिप बसवलेल्या असंख्य कुत्र्यामांजरांत असे प्रकार तुरळकच दिसले. माणसांत पुरावा नाही, पण चिपधारक थोडे आणि त्यांची वर्षेही थोडी, त्यामुळे 'सिद्धपणे सुरक्षित' असा दाखला मी देणार नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २००४ मध्ये व्हेरिचिप या माणसांच्या त्वचेखाली बसवायच्या चिपला मान्यता देतानाही ऊतींची प्रतिक्रिया, कुपी जागेवरून सरकणे आणि एमआरआयशी विसंगती हे संभाव्य धोके नोंदवले होते.

प्रतिसाद (चिपधारक):
एमआरआयपूर्वी तंत्रज्ञाला आठवणीने सांगा. तसेच पाळीव प्राण्यांसाठीची कुपी कधीही घेऊ नका. ती सरकू नये म्हणून अनेकदा तिच्यावर ऊतींना धरून ठेवणारा लेप असतो, त्यामुळे काढताना जास्त चिरावे लागते. आमच्याकडे बसवणे फुकट होते, काढण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा होता. तुमच्याकडे तो कोण करणार, हे आधीच लेखी मागून घ्या.