सॉफ्टवेअरचं भाडं थांबलं की माझंच काम मला उघडत नाही. मोफत पर्यायांवर स्टुडिओ चालवणारं कोणी आहे का?

साखळीची_फोटोवाली

नमस्कार मंडळी. गोव्यात साखळी गावच्या बाजारात आमचा लहानसा स्टुडिओ आहे. बाबांनी १९८६ साली सुरू केला, २०११ पासून मी सांभाळते. पासपोर्ट फोटो, लग्न, मुंज, चवथीला लोकांच्या घरच्या माटोळीचे (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीचे) फोटो, आणि दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की देवळांपुढची नाटकं. थोडं लांबण लावून लिहिते, कारण गेल्या महिन्यात जे झालं त्याने माझी झोप उडाली आहे.

मयेहून एक बाई आल्या. आई वारलेली, बाराव्याला लावायला फोटो हवा होता. घरचा फोटो पावसात भिजून चिकटलेला. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाबांनीच आईचं लग्न काढलं होतं, १९९१ साली." बाबांचं रजिस्टर काढलं. तारीख, आडनाव, गाव, रोल नंबर, सगळं निळ्या शाईत. मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत बटर पेपरची पाकिटं आणि सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या बाबा दर पावसाळ्याआधी तव्यावर भाजून परत ठेवतात. निगेटिव्हच्या एका कोपऱ्याला बुरशी लागली होती, पण चेहरा स्वच्छ. लाइट बॉक्सवर ठेवून कॅमेऱ्याने कॉपी केली, रंग उलटवले, तासाभरात प्रिंट हातात. त्या बाई काउंटरपाशी उभ्या राहून रडल्या.

त्याच आठवड्यात २०१९ च्या लग्नातला एक मुलगा आला. आजीसोबतचं अल्बममधलं पान परत छापून हवं होतं. फाइल माझ्याच हार्ड डिस्कवर, मीच बनवलेली. ती उघडली नाही. माझं बँकेचं कार्ड बदललं होतं, जुन्या कार्डावरची ऑटो-पेमेंटची परवानगी गेली, महिन्याचे पैसे कापले गेले नाहीत आणि सॉफ्टवेअरने लॉगिनची खिडकी पुढे केली. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फोटो दिसत होते, पण एडिटिंगचा भाग बंद. त्या लग्नातल्या हजारभर फोटोंवर मी महिनाभर बसून केलेले रंग, त्यातला एकही हलवता येईना. त्या मुलाला मी "परवा या" म्हटलं. बाबा मागे खुर्चीत बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत.

कंपनीचं नाव इथे घेत नाही, ते महत्त्वाचं नाही. पैसे द्यायचे नाहीत असंही नाही. एकदा विकत घ्या आणि वापरा असं होतं तेव्हा बाबांनी खोका घेतला होता, त्यात सीडी आणि किल्ली. ती जुनी आवृत्ती अजून चालते, फक्त माझ्या नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातून येणारी मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) तिला वाचता येत नाहीत. आता मात्र सगळं भाड्याने. वर्षाचा करार, हप्ता महिन्याला, मध्येच सोडायचं तर दंड. मागच्या हंगामात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात रात्री दोन वाजता नाटक मंडळींना निघण्याआधी पाच फोटो हवे होते. मंडपात रेंज नाही आणि लॅपटॉप म्हणतो, परवाना तपासायचा आहे, इंटरनेट जोडा. मंडळी टेम्पोत बसून निघून गेली.

लोक आपल्याकडे फोटो काढतात ते तीस वर्षांनी परत मागता यावेत म्हणून. माझ्या भाच्याने त्याच्या कॉलेजचा विद्यार्थी परवाना देऊ केला, पण तो धंद्यासाठी वापरायचा नसतो, म्हणून घेतला नाही. मोफत फोटो सॉफ्टवेअरमध्ये जिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी ही नावं ऐकून आहे. खरोखर यावर पोट भरणारं कोणी आहे का? जुन्या लेयरच्या (एकावर एक थर रचलेल्या) फाइलींचं काय करू? आणि अल्बमच्या कव्हरवर मराठी नावं नीट उमटतात का?

मडगाव_लग्नवाला

ताई, मी आहे. चार वर्षं झाली, लग्नाचं सगळं काम डार्कटेबल आणि जिम्पवर. तुमची पोस्ट वाचून आधी हे सांगतो: घाईने काहीही काढून टाकू नका. कार्ड दुरुस्त करा, लागेल तर शेवटचा एक महिना भरा, आणि तो महिना फक्त सामान बाहेर काढण्यासाठी वापरा.

भाड्याच्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमधले सगळे फोटो निवडा आणि मेटाडेटा फाइलमध्ये सेव्ह करायची आज्ञा द्या. म्हणजे तारे, कीवर्ड, मथळे हे रॉ फाइलशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत उतरतात. डार्कटेबल आणि डिजिकॅम (फोटो लावून ठेवायचं मोफत सॉफ्टवेअर) दोन्ही त्या वाचतात. रंगांच्या दुरुस्त्या मात्र तशाच्या तशा येणार नाहीत. क्रॉप, एक्स्पोजर असं थोडंफार येतं, बाकीचं नाही, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरचं आतलं गणित वेगळं. म्हणून ज्या लग्नांचे फोटो परत मागितले जाण्याची शक्यता आहे ते पूर्ण मापाच्या १६ बिट टिफमध्ये (दर्जा न गमावणारा, बहुतेक सगळीकडे उघडणारा फॉरमॅट) काढून ठेवा. जागा खूप खातात, पण हार्ड डिस्कचे पैसे एकदाच द्यावे लागतात. अल्बमच्या पानांचंही तेच. जिम्प त्या लेयरच्या फाइली उघडतं, साधे लेयर आणि मास्क (फोटोचा ठरावीक भागच बदलायची सोय) बहुतेक येतात, पण स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत धरून ठेवणारे लेयर) सपाट होतात आणि रंगदुरुस्तीचे लेयर पुष्कळदा गळतात. म्हणून प्रत्येक पानाची एक सपाट टिफ हवीच.

बाबांच्या जुन्या आवृत्तीवर एक उपाय आहे. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल डीएनजीमध्ये बदलून घ्या. बदलणारा प्रोग्रॅम मोफत मिळतो. डीएनजी हा २००४ पासूनचा, तपशील जाहीर असलेला फॉरमॅट आहे, जुनी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ते वाचतात. अडीनडीला कामाला येतं.

आता डार्कटेबल. २००९ पासून लोकांनी मिळून बनवलेलं आहे, विंडोजवर २०१७ च्या शेवटी आलं. साधारण जून आणि डिसेंबर, अशा वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात. तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती रॉशेजारच्या एक्सएमपीत राहते, मूळ फाइलला हात लागत नाही. जुने मॉड्यूल (एकेका दुरुस्तीचं साधन) नव्या आवृत्तीत यादीतून गेले तरी जुन्या फोटोंसाठी आत ठेवलेले असतात, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचं माझं लग्न आज उघडलं तरी तसंच दिसतं. उलट दिशेने चालत नाही हं. नव्या आवृत्तीत केलेलं काम जुनीत उघडायला जाऊ नका, आणि अपग्रेडच्या आधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा.

पहिला महिना त्रास होतो, हे खरं सांगतो. मॉड्यूल इतके आहेत की हरवायला होतं. मी एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, लेन्स करेक्शन आणि डिनॉइज एवढ्याच पाचांचा एक प्रीसेट गट केला आणि महिनाभर बाकीच्यांकडे पाहिलंच नाही. वधूच्या चेहऱ्याचे डाग काढायला रिटच मॉड्यूल पुरतं. केस मोकळे सोडलेले असतील आणि मागची पार्श्वभूमी बदलायची असेल तर जिम्पमध्येही घाम निघतो. तिथे मला पूर्वीच्या सॉफ्टवेअरची आठवण येते.

पणजी_प्रेसलाइन

मी छपाईच्या बाजूचा. फोटो लॅबला अल्बम पाठवत असाल तर बहुतेक लॅबना एसआरजीबीमधला (पडद्यावरच्या रंगांची नेहमीची पद्धत) जेपेग हवा असतो, त्यामुळे काहीच अडत नाही. अडतं ते ऑफसेटला, लग्नपत्रिका किंवा जत्रेचं पोस्टर चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेत, जातं तेव्हा. जिम्प मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात, काम करतं. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत सीएमवायकेचं सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल त्याचा अंदाज) पाहता येतं आणि एक्स्पोर्टही करता येतं, पण सीएमवायकेत थेट काम हवं असेल तर क्रिता वापरा, तेही मोफत. आमच्याकडे येणारे बरेच जण आरजीबीच देतात आणि बदल आम्ही करतो. आधी प्रेसवाल्याला विचारा, मग डोकं खाजवा.

मराठीचं विचारलंत. इथे जिम्प उलट सोपं आहे. युनिकोड अक्षरं जुळवायला ते पँगो नावाची व्यवस्था वापरतं, त्यामुळे "श्री", "र्‍ह", "द्ध", "क्ष्म्य" सगळी जोडाक्षरं जागेवर बसतात. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं सेटिंग चालू करायला विसरलं की पहिली वेलांटी भलतीकडे जाते. तशी छापून आलेली कव्हरं मी रद्दीत गेलेली पाहिली आहेत. फक्त तुमच्याकडे जुन्या डीटीपीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये बदलावा लागेल.

आणि फॉन्टचाही परवाना असतो, हे आपण सगळेच विसरतो. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, धंद्याच्या कामात बिनदिक्कत वापरा. नेटवरून उचललेल्या सुंदर फॉन्टसोबत आलेली टेक्स्ट फाइल एकदा वाचत जा.

म्हापसा_क्लिक

ताई, एवढी डोकेदुखी कशाला? आमच्याकडे सगळे क्रॅक वापरतात. पेन ड्राइव्ह घेऊन या, दहा मिनिटांत टाकून देतो.

मडगाव_लग्नवाला

बाब, राग मानू नकोस, पण ताईंना हे सांगू नको. कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमात, माहीत असून चोरीची प्रत संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलाय. ते बाजूला ठेव. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात ना? त्याच मशीनवर लोकांच्या घरातली लग्नं असतात. माझ्या ओळखीच्या एकाची अख्खी ड्राइव्ह अशी कुलूपबंद झाली, पैसे मागणारी चिठ्ठी स्क्रीनवर. तीन मुंजी गेल्या त्यात. मुंज परत कशी काढणार?

डिचोली_पेंग्विन

फुकट आणि मुक्त यात फरक आहे, तो ताईंच्या प्रश्नात महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट झालं. ते बनवणारी कंपनी कॅनव्हाने २०२४ मध्ये घेतली होती. चांगलं साधन आहे, सीएमवायकेही आहे. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, फाइल तुमच्याच संगणकावर राहते, लेयरच्या जुन्या फाइली बऱ्या उघडतात, २०१९ चं ते पान आजच्या आज तिथे टाकून पाहा. पण दोन्हींचा सोर्स, म्हणजे आतला कोड, बंद आहे. उद्या मालकाने अटी बदलल्या तर आपण काही करू शकत नाही.

जिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी जनरल पब्लिक लायसन्सखाली आहेत. जिम्प बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलं, आणि ते दोघे केव्हाच सोडून गेले तरी जिम्प चालू आहे, कारण कोड सगळ्यांच्या हातात आहे. किल्ली नाही, लॉगिन नाही, किती मशीनवर टाकलं हे कोणी मोजत नाही, धंदा करायलाही मोकळीक. आज उतरवलेली इन्स्टॉलरची फाइल बाबांच्या त्या पत्र्याच्या डब्यात पेन ड्राइव्हवर ठेवा. सत्तरीच्या मंडपात रेंज नसली तरी चालेल.

संगणक जुना असेल तर हेही लक्षात घ्या की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून डार्कटेबल ठीक चालतं. मी डिचोलीत आहे. रविवारी येऊन लावून देईन, पैसे नकोत.

साखळीची_फोटोवाली

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. पंधरा दिवसांनी लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

२०१९ चं पान फोटोपीत उघडलं. रंगदुरुस्तीचे दोन लेयर पुन्हा बसवावे लागले, पण आजीचा चेहरा, शालूचा जरीकाठ सगळं आलं. मुलाला प्रिंट दिली, पैसे घेतले नाहीत. शेवटचा महिना भरला आहे आणि रोज रात्री दुकान बंद केल्यावर टिफ काढायला लावते. २०१४ पर्यंत पोचले. डिचोलीचे भाऊ खरंच आले, चहा-खाजं खाऊन गेले.

रॉथेरपी दोन दिवस वापरून पाहिलं, रंग छान देतं, पण मास्कची सवय असल्याने मी डार्कटेबलवर थांबले. कव्हरवर "सौ. का." आणि "चि." मुक्ता फॉन्टात नीट उमटलं.

एक अडलं आहे. जत्रेच्या नाटकात हल्ली निळे-जांभळे एलईडी लावतात. राजाच्या भूमिकेतल्या माणसाचा अर्धा चेहरा सपाट निळा डाग होऊन बसतो, गालाची हाडंसुद्धा दिसत नाहीत. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे निदान सुसह्य व्हायचं.

मडगाव_लग्नवाला

इनपुट कलर प्रोफाइल मॉड्यूल उघडा. तिथे गॅमट क्लिपिंग (आवाक्याबाहेरचे रंग आवाक्यात आणणं) बंद असतं, ते लिनिअर रेक ७०९ वर ठेवा. मग कलर बॅलन्स आरजीबीत निळ्याचा सॅच्युरेशन थोडा उतरवा. निळा चॅनल अगदी भरून गेला असेल तर तपशील परत येत नाही, म्हणून पुढच्या नाटकाला कॅमेऱ्यात फक्त निळ्याचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश, घ्या.

साखळीची_फोटोवाली

गालाचं हाड दिसलं! डोळ्याखालची काजळाची रेघसुद्धा. बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि विचारलं की याचा नंबर रजिस्टरमध्ये कुठे लिहायचा. मी फोल्डरचं नाव सांगितलं, त्यांनी निळ्या शाईत लिहून घेतलं.