सिडनीचं आरएसए कार्ड कॅलिफोर्नियात चालतं का? आणि जास्त झालेल्याला नाही कसं म्हणायचं?

नवी_पाळी:
माझ्याकडे सिडनीचं आरएसए कार्ड (दारू जबाबदारीने देण्याचं ट्रेनिंग घेतल्याचं) आहे, मुदतही बाकी आहे. आता कॅलिफोर्नियात एका रेस्टॉरंटमध्ये लागतेय. बिअर, वाइन, कॉकटेल, सगळं टेबलावर न्यायचं आहे. मॅनेजर म्हणतात, "कामाला लाग, सर्टिफिकेटचं नंतर बघू." चालतं का असं? आणि समजा एखाद्याला जास्त झालीय असं मला वाटलं, पण मॅनेजर म्हणाले "दे अजून एक", तर अडकणार कोण?

कागदपत्र:
आरएसए तिकडे धरत नाहीत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून आरबीएस (तिथलं तशाच ट्रेनिंगचं) सर्टिफिकेट लागतं. आधी एबीसी, म्हणजे राज्याच्या दारू नियंत्रण खात्याच्या पोर्टलवर नोंदणी करून सर्व्हर आयडी घ्यायचा, मग मान्यताप्राप्त संस्थेचं ट्रेनिंग, मग खात्याची ऑनलाइन परीक्षा. ट्रेनिंग संपल्यापासून ३० दिवसांत परीक्षा द्यावी लागते, पास व्हायला ७० टक्के, संधी तीन. रुजू झाल्यापासून ६० दिवस मिळतात, त्यामुळे मॅनेजरांचं "नंतर" तेवढ्यापुरतं ठीक आहे. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं.

काउंटरमागचा:
ताई, अडकण्याबद्दल मी सांगतो. ट्रेनिंग देताना मी नव्या मुलांना सगळ्यात आधी हेच सांगतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातल्या कलम २५६०२ मध्ये शब्द आहेत "प्रत्येक व्यक्ती". उघड नशेत असलेल्याला दारू देणारी प्रत्येक व्यक्ती. ग्लास टेबलावर तू ठेवलास तर त्यात तू आलीस, "साहेबांनी सांगितलं" म्हणून सुटका नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. तुझा हात सिडनीच्या मापाला बसलाय. तिथलं एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, अमेरिकेत १४ ग्रॅम. सिडनीची चार म्हणजे अमेरिकेतली जेमतेम तीन. शिवाय ग्लास मोजून चालत नाही. सात टक्क्यांच्या बिअरचा ४७३ मिलीचा ग्लास जवळजवळ दोन ड्रिंक भरतो. वाइनचं एक ड्रिंक १४८ मिलीचं, मोठ्या ग्लासात ते तळाशीच दिसतं, आणि हात सैल असला की सहज दीडपट ओतलं जातं. शरीर मात्र तासाला साधारण एकच निपटवतं. कॉफी पाजून तो वेग वाढत नाही.

म्हणून गिऱ्हाईक आत आलं तेव्हा कसं बोलत होतं, ते डोक्यात ठेव. शांत माणूस अचानक शेजारच्या टेबलाशी गप्पा मारायला लागतो, कार्ड काढताना पाकिटात दोन-दोनदा चाचपडतो, आधीचा ग्लास संपायच्या आत पुढचा मागतो. तिथेच वेग कमी कर: पाणी ने, खायला सुचव, पुढची ऑर्डर घ्यायला जरा उशिरा जा. जीभ अडखळायला लागेपर्यंत थांबलीस तर उशीर झालेला असतो.

नाही म्हणताना "तुम्हाला चढलीय" हे कधीच बोलायचं नाही, भांडण तिथूनच पेटतं. बाजूला जाऊन हळू आवाजात: "आज मला यापुढे मद्य देता येणार नाही. पाणी आणते, घरी जायला गाडी बोलावू का?" एवढंच. कारणं देत बसू नकोस. मग लगेच बारवर आणि बाकीच्या वेटरांना सांग, नाहीतर तो तिकडून घेईल. मित्राने "माझ्यासाठी" म्हणून मागवलेला ग्लास त्याच्याकडे सरकत नाही ना, तेही बघ.

नवी_पाळी:
मापाचा फरक मला माहीतच नव्हता, धन्यवाद दादा. पण मॅनेजरांनी ऐकलंच नाही तर?

काउंटरमागचा:
गिऱ्हाइकासमोर वाद घालू नकोस. आत बोलाव आणि सांग: "सर, मी नेणार नाही." बहुतेक जण तिथे थांबतात, कारण रेस्टॉरंटचं दारूचं लायसन्स पणाला लागलेलं असतं. थांबले नाहीत तरी ग्लास तुझ्या हातून जायला नको. आणि त्याच शिफ्टमध्ये नोंदवहीत लिही: वेळ, टेबल, किती दिलं, केव्हा थांबवलं, माणूस कसा दिसत होता, कोणाला सांगितलं. नोंदवही ठेवत नसतील तर पहिल्याच दिवशी मागून घे.